भुशाचा ताप

आमच्या घरात ताप संध्याकाळी यायचा. आण्णांची पाळी सुटल्याचा भोंगा झाला की थोड्याच वेळात आई चुलीपुढून उठून भिंतीला टेकायची. आधी तिचे खांदे थरथरायचे, मग दात वाजायला लागायचे. मी गोधडी आणून तिच्या अंगावर टाकायची आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत उलटायची. सकाळी मात्र आई रोजच्यासारखी उठायची, अंगणात सडा टाकायची, पाणी भरायची. "गेला बाई ताप," म्हणायची, आणि कामाला निघायची. तो कुठून येतो आणि रोज त्याच वेळेला कसा येतो, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मी सोळा वर्षांची होते. मीही विचारलं नाही.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरपासून थोड्या अंतरावर साखर कारखान्याच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. आमचे वडील, आण्णा, कारखान्यात मशिनींना तेल घालायच्या कामावर होते. त्यांच्या कपड्यांना तेलाचा आणि उसाच्या रसाचा असा एकत्र वास यायचा की पाहुण्यांच्या घरीसुद्धा आम्ही कारखान्यावरचे आहोत हे लोकांना न सांगता कळायचं. हंगामात सगळी हवाच गोडसर आंबूस असायची. चिमणीतून काजळीचे तुकडे उडत येऊन वाळत घातलेल्या कुरडयांवर बसायचे. आई ते फुंकरीनं उडवायची, आणि उडाले नाहीत तर म्हणायची, "तळल्यावर काय कळतंय?" तिच्या हातच्या शेंगुळ्यांना लसणाचा असा ठसका असायचा की शेजारच्या खोलीतली माणसं शिंकायची. ती बोलकी होती, हसरी होती, आणि तिचं हसणं फार मोठं होतं. आण्णा तिला म्हणायचे, "हळू हस, भोंगा झाला समजून लोकं कामावर जातील."

उसाचा रस काढल्यावर जो कोरडा चोथा उरतो, त्याला कारखान्यात बगॅस म्हणत, आम्ही भुसा म्हणायचो. आमच्या चाळीच्या मागच्या अंगाला पुठ्ठा बनवायचा एक लहान कारखाना होता. तो हा भुसा विकत घेऊन, त्याच्या तारेनं आवळलेल्या गाठी करून उघड्यावर रचून ठेवायचा. घराएवढ्या उंच थप्प्या असायच्या. अख्खा पावसाळा त्यांच्यावरून जायचा. वरून त्या वाळलेल्या दिसायच्या, पण आत ओल मुरायची, ऊब धरायची, बुरशी चढायची. थंडीतल्या सकाळी एखाद्या थप्पीतून वाफ निघताना मी पाहिली आहे. उन्हाळ्यात या जुन्या गाठी फोडायचं काम निघायचं. तारा तोडायच्या, आकड्यानं भुसा ओढून मोकळा करायचा, पाट्या भरून आत न्यायच्या. हे काम बायकांचं होतं. गाठ फुटली की आतून पिठासारखा करडा धुरळा उठायचा आणि बायका दिसेनाशा व्हायच्या. हंगाम संपून साखर कारखान्याची घरघर थांबली आणि नुसता दुरुस्तीच्या पाळीचा भोंगा उरला, की त्या यार्डातला बायकांचा खोकला आमच्या अंगणात ऐकू यायचा. आम्ही त्याला सरावलो होतो.

त्या वर्षी चैत्रात आईही त्या कामाला जाऊ लागली. आण्णांनी नको म्हणून पाहिलं. "समद्या जात्यात, मी एकलीच घरात बसून काय करू?" ती म्हणाली. माझा भाऊ बाळू तेव्हा आठ-नऊ महिन्यांचा होता. त्याला ती बरोबर न्यायची. यार्डाच्या कडेला लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात त्याला निजवायची, आणि मध्ये मध्ये येऊन पाजायची. दुपारी मी भाकरी घेऊन जायची तेव्हा त्याच्या पापण्यांवर धुरळा बसलेला असायचा. मी पदराच्या टोकानं पुसायची. तो झोपेतच खोकायचा, बारीक, मांजरीच्या पिल्लासारखा. मला त्याचं हसू यायचं.

आज कोणाच्या लग्नाला गेलं की जेवायला भुशापासून केलेल्या पत्रावळ्या मिळतात. मागच्या वर्षी शिर्डीतल्या एका लग्नात मुलीकडचे मोठ्या कौतुकानं सांगत होते, प्लास्टिक नको म्हणून मुद्दाम या मागवल्यात. पत्रावळी छान होती, स्वच्छ, हलकी. मी ती हातात धरून उभी होते आणि मला पुढे होऊन वाढून घेता येईना. सुनेनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." भुशाचा दोष नाही. ताजा भुसा कोणाला काही करत नाही. पण हे मला फार उशिरा कळलं.

यार्डात जायला लागल्यापासून दोन महिन्यांत आई अर्धी झाली. छाती भरून यायची, हंडा उचलताना दम लागायचा. आण्णांनी तिला श्रीरामपूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "डाग आहेत. ताप संध्याकाळचा, खोकला, वजन घटलेलं. टीबी आहे." थुंकी तपासली नाही. त्या काळात आमच्यासारख्यांना एवढंच सांगत, आणि आम्ही एवढंच ऐकून घेत. मग आण्णांनी मुलाचं विचारलं. डॉक्टरांनी फोटो पाकिटात घालता घालता सांगितलं, "अंगावरचं दूध तोडा. मूल लांब ठेवा, दुसऱ्या घरी असेल तर बरं."

आईची धाकटी बहीण, सुमनमावशी, नेवाशाला असायची. तिला मूल नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. आल्यावर तिनं नेहमीसारखी आईच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं आणि मध्येच थांबली. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून उभी होती. तिनं बाळूचं टोपडं, काजळाची डबी, दुपटी सगळं एका पिशवीत भरून उंबऱ्यावर ठेवलं होतं. बाळू मावशीच्या कडेवर गेला आणि आईकडे हात करून रडायला लागला. "जा तू, वळून बघू नको," आई मावशीला म्हणाली. एसटी गेल्यावर आई न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पुढचे आठ-दहा दिवस ती अशी न्हाणीत जायची. दूध पिळून टाकायला जाते, हे मला माहीत होतं. मी बाहेर उभी राहून बादलीत उगाच पाणी ओतत राहायची, म्हणजे तिचं रडणं आण्णांना ऐकू जाऊ नये.

घरात आईचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. शेजारणींनी आमच्या नळावर येणं सोडलं. कंपाउंडर रोज सायकलवर येऊन तिला सुई टोचून जायचा. आई कामावर जात नव्हती, पडून असायची, मी तिला हुलग्याचं माडगं करून द्यायची. आणि खरंच ताप गेला, आठ-दहा दिवसांत. खोकला मोडला. पावसाळ्यात तिच्या गालावर मांस आलं. "सुईचा गुण," आण्णा म्हणाले. कंपाउंडरही म्हणाला. मी पण शाळेत मैत्रिणींना सांगितलं. पण सुया सुरू झाल्यापासून तीन-चार महिन्यांनी आई म्हणायला लागली, "कानात भुंगा बसलाय गं." मग उठून चालताना तिचा तोल जाऊ लागला. भिंत धरून जायची. डॉक्टर म्हणाले, औषध कडक आहे, चालायचंच, जीव वाचला हे महत्त्वाचं. बाळूला आणायचं विचारलं तर म्हणाले, औषध पुरं होऊ द्या, घाई करू नका.

पुढच्या चैत्रापर्यंत सुया थांबल्या होत्या, गोळ्या चालू होत्या, आई चांगली हिंडत-फिरत होती. घरात बसलं की तिला बाळूच दिसायचा. तिनं परत यार्डाची वाट धरली. पाचव्या दिवशी, भोंगा झाला, आणि ती भिंतीला टेकली. मी गोधडी घेऊन धावले तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भीती होती, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. "उलटला," ती म्हणाली. "मंदे, उलटला गं. आता न्हाई माझं लेकरू मला मिळत." डॉक्टरही तेच म्हणाले, टीबी उलटला. सुया पुन्हा सुरू झाल्या. वैशाख संपेपर्यंत तिचा एक कान पूर्ण गेला आणि दुसऱ्यात जवळ जाऊन ओरडावं लागे. तिचं ते मोठं हसणं बंद पडलं. स्वतःला ऐकू येत नाही तर माणूस हसेल कशाला?

शाळेला सुट्टी होती. टोळीतली आईची जागा जाऊ नये म्हणून तिच्याऐवजी मी जाऊ लागले. पहिल्या दिवशी गाठ फुटली आणि धान्याच्या जुन्या पेवाचं तोंड उघडल्यासारखा वास आला. नाकातोंडात धुरळा गेला. फडकं बांधलं तर उन्हात गुदमरायला व्हायचं, म्हणून कोणी बांधत नव्हतं. हौसाकाकू नावाची एक थोराड बाई मला काम शिकवायची. तारेचं टोक कुठं दाबायचं, आकडा कसा फिरवायचा. तीन आठवडे मी ठणठणीत होते. मग एका दुपारी डोकं जड झालं. घरी येते तोवर छाती आवळून आली. संध्याकाळी थंडी वाजायला लागली आणि आईनं, जिला मी इतके दिवस गोधडी पांघरत होते, तिनं ती माझ्या अंगावर टाकली. माझ्यापासून लांब जाऊन भिंतीशी बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. तिला वाटलं, तिनंच मला दिला.

सकाळी मला काहीच नव्हतं. मी पुन्हा कामाला गेले, कारण घरात बसणं असह्य होतं. हौसाकाकूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आला व्हता का काल?"

"काय?"

"ताप. भुशाचा ताप. जुन्या गाठीचा येतो. नव्या भुशाचा न्हाई येत."

माझ्या हातातला आकडा तसाच राहिला. "सगळ्यांना येतो?"

"लई जनींना. कुनाला चार दिसात, कुनाला दोन वर्सांनी. काम बंद झालं का जातो. पावसाळ्यात समद्या बऱ्या आस्त्यात बघ."

"मग माझ्या आईला का नाही सांगितलं तुम्ही?"

काकूनं इकडेतिकडे पाहिलं. मुकादम लांब होता. "मुकादम म्हनला व्हता, जी ताप ताप करंल तिनं घरीच बसावं. आन् तुझ्या आईला डागदरनं फोटू काढून सांगितलं, टीबी. तितं आमी आडानी काय बोलनार, पोरी?" मग ती खाली बघून तारा गोळा करायला लागली. "लेकरू गेलं तवा वाटलं व्हतं, सांगावं. व्हय, वाटलं व्हतं."

मी दोन दिवस घरी राहिले. ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी मुद्दाम कामाला गेले, आणि संध्याकाळी तो आला. चौथ्या दिवशी सकाळी मी आण्णांना सगळं सांगितलं. आईला पहिल्यांदा ताप कधी आला, कधी गेला, परत कधी आला. ते चहाची बशी हातात धरून ऐकत होते. चहावर साय आली. "म्हंजे ती घरी बसली म्हनून बरी झाली? सुईनं न्हाई?" एवढंच ते म्हणाले. त्यांनी रजा टाकली आणि आम्हा दोघींना घेऊन नगरला मोठ्या दवाखान्यात गेले. मी रुमालात जुन्या गाठीतला मूठभर काळपट भुसा बांधून घेतला होता.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आईची नाडी पाहिली, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि मग एक प्रश्न विचारला जो त्या सव्वा वर्षात आम्हाला कोणीही विचारला नव्हता. "या काम काय करतात?"

मी रुमाल सोडून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उघडला, लगेच मिटला आणि खिडकीबाहेर ठेवायला सांगितलं. तीन दिवस त्यांनी आईची थुंकी तपासली, नवा फोटो काढला, जुना त्याच्याशेजारी लावला. शेवटी आण्णांना म्हणाले, "बुरशीचा धुरळा आहे हा. फुप्फुसं त्याच्यावर सुजतात. मला हा टीबी वाटत नाही. आधीही नसावा. सुया आजपासून बंद करा. सुयांनी गेलेले कान आता परत येणार नाहीत. आणि हिला आणि या मुलीला त्या यार्डाच्या वाऱ्यालाही उभं करू नका."

आई आमच्या तोंडांकडे पाहत होती. मी तिच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आई, टीबी नाही! कधीच नव्हता!"

दवाखान्यातली माणसं आमच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "आन् माझं लेकरू?"

आठ दिवसांत आम्ही दोघी नेवाशाला गेलो. आईनं नवं झबलं शिवून घेतलं होतं. एसटीत सगळ्या वाटेनं ती ते मांडीवर घडी घालत होती आणि उलगडत होती. बाळू मावशीच्या ओसरीवर वाटीत दूधभाकर कालवत बसला होता. पळायला लागला होता, बोलायला लागला होता. आम्हाला पाहून तो उठला आणि "आई, आई" करत आत धावला. आईला ते ऐकू आलं नाही. मला आलं. मावशी त्याला कडेवर घेऊन बाहेर आली. आईनं हात पुढे केले, आणि तेवढ्यात तिला खोकला आला. मावशी झटकन दोन पावलं मागे सरली आणि तिनं बाळूचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. तिचे डोळे भरले. "ने अक्का, तुझाच हाय," ती आईच्या कानाशी येऊन म्हणाली. "बरी झाली आसशील तर ने."

आई बाळूकडे पाहत राहिली. त्याचे गाल भरले होते. तिनं विचारलं, "खोकतो का गं हा?"

मावशीनं मान हलवली. नाही.

"कधीच?"

"एकदाबी न्हाई."

आईनं झबलं मावशीच्या हातात दिलं. "आजून औषध चालू हाय माझं," ती म्हणाली. "राहू दे इथंच." मी तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड इतका जोरात धरला की घरी जाईपर्यंत बोटं उमटलेली होती.

परतीच्या एसटीत मी तिच्या कानाशी ओरडून भांडले. का सांगितलं नाहीस? ती समोर बघत म्हणाली, "काय सांगू सुमीला? चुकून दिलं व्हतं म्हनून?" मग, माझ्याकडे न बघता, "आपलं घर यार्डाच्या वाऱ्याखाली हाय, मंदे. त्या झोळीत तो कसा खोकायचा, तुला आठवत न्हाई. मला आठवतंय."

आण्णांनी पुठ्ठा कारखान्याच्या साहेबांना जाऊन सांगितलं. आईचं आणि माझं नाव टोळीतून कापलं, एवढाच त्याचा परिणाम झाला. बाकीच्या बायका गाठी फोडत राहिल्या. आम्हाला दुसरी चाळ मिळायला चार वर्षं लागली. तोवर उन्हाळ्यात आई मागच्या खिडकीला ओलं पोतं लावून ठेवायची. हौसाकाकू पुढे अंगणातून दारापर्यंत चालता येईना अशी झाली आणि बसल्या बसल्या, वाकून, श्वास शोधत गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर दमा लिहिलं होतं.

आई पुष्कळ जगली, पण दोन पायऱ्या चढली की थांबायची. बाळू तिला मावशीसारखंच अक्का म्हणायचा. लग्नाच्या वेळी त्यानं तिला एकदा विचारलं, मला का दिलं? ती ओठ वाचायला शिकली होती. "सुमीला मूल न्हवतं म्हनून," ती म्हणाली. मावशी जिवंत असेपर्यंत खरं सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती. आधी आई गेली, मग मावशी. शपथ संपली तरी मी गप्पच राहिले. सवय झाली होती.

दोन महिन्यांपूर्वी माझा दम वाढला म्हणून बाळू मला नगरला छातीचा स्कॅन करायला घेऊन गेला. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला टीबी होता का? मी बोलायच्या आत बाळू म्हणाला, "आमच्या अक्काला होता."

"नव्हता," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, या पानांवर लिहिलंय त्याच क्रमानं. तोवर त्यानं गाडी चालू केली नाही. मग मला घरी सोडलं आणि महिनाभर त्याचा फोन आला नाही. नंतर एका रविवारी तो एकटाच आला. साठीला टेकलेला माणूस, पायताण न काढता दारातच उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मी तिला एकदाबी आई म्हनलो न्हाई."

म्हणाला असतास तरी तिला ऐकू आलं नसतं, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं, आणि त्याला आत बोलावलं.